दाबायचं नाही

४ नोव्हेंबर, जेनोआ

आज पुन्हा तीन अंडी फुटली! उभी हयात जबड्याची हाडं करवतीने कापण्यात गेली, आणि या नव्या पात्यापुढे मी नवशिकी. कानाला ऐकूही न येणाऱ्या कंपनांनी ते हाड कापतं, मऊ भागाला धक्का लावत नाही. सराव अंड्यावर – कवच कापायचं, आतला पापुद्रा शाबूत ठेवायचा. माझी शिकाऊ डॉक्टर इलारिया म्हणते, "बाई, दाबू नका हो! दाबलं की पातं रुसतं." दाबलं की कंप मंदावतो, हाड तापतं, करपतं. माहीत आहे मला. हाताला कोण सांगणार?

५ नोव्हेंबर

परत ऑम्लेट. माझा नवरा तुलिओ म्हणाला, "पेशंटचं काय व्हायचं ते होवो, तुझ्या नवऱ्याचं कोलेस्टेरॉल नक्की वाढणार."

९ नोव्हेंबर

नेविओ आला होता. गावच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो. जबड्यात गाठ, आणि खालच्या ओठाची नस तिला अगदी खेटून. "डॉक्टरीणबाई, दात गेले तर जाऊ द्यात. ओठ बधिर झाला तर मी काय फुंकू – सूप?" तोच हसला. मला हसू आलं नाही. करवतीने ती नस वाचेलसं वाटत नाही.

नंतर डुकराच्या बरगडीवर सराव केला. जळक्या हाडाचा वास अंगाला घेऊनच घरी आले. इलारियाला द्यावं का हे काम? हात हलका आहे तिचा, पण अशी गाठ तिने एकटीने कधी काढलेली नाही.

१४ नोव्हेंबर

गळून गेलेय. लिहवत नाही.

१६ नोव्हेंबर

जमलं! दिवसभराच्या कामाने हातात जीव नव्हता. पातं नुसतं टेकवलं – आणि ते आपलं आपण कापत गेलं. पापुद्रा जसाच्या तसा! बरगडीही करपली नाही. इलारिया ओरडली, "अखेर बाई दमल्या!" इतके दिवस माझी ताकदच आड येत होती म्हणायची.

२१ नोव्हेंबर

नेविओचं ऑपरेशन झालं. करवतीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. हाड तापू नये म्हणून इलारिया पाणी सोडत होती, मी एकदाही दाबलं नाही. गाठ निघाली आणि खाली नस दिसली – पांढरी, अख्खी. घरी येऊन खुर्चीत बसले ती उठवेचना.

१५ जानेवारी

नेविओने फोनवर क्लॅरिनेट वाजवून दाखवलं. बेसूर, पण वाजलं!

दुपारी माझ्या हाताचे रिपोर्ट आले. कोटाची बटणं लागेनात म्हणून तपासून घेतला होता. हा थकवा नाही. स्नायू झिजत चाललेत, नोव्हेंबरच्याही आधीपासून. उद्यापासून मी कुणालाही कापायचं नाही.