फोटो येतोय, फोन उचलू नका!

अण्णा,

इंटरनेट लागलं! कॉम्प्युटर बंद करू नका आणि घरातला कुठलाच फोन उचलू नका. नितीनदादाने बाळाचा फोटो पाठवलाय. वरून खाली एकेक ओळ उतरतोय. आधी नुसतं जावळ दिसलं, मग भुवया. अण्णा, भुवया डिट्टो तुमच्या!

आठवडाभर 'पान उघडत नाही' वाचून वाचून मी मोडेमला शिव्या घातल्या. वायर बदलली, लाइनमनला चहा पाजून पाजून दमले. सकाळी मी कॉलेजात असताना लाइन ठणठणीत, संध्याकाळी मी बसले की मेलेली! आज माजघरातल्या फोनवरचं आईने विणलेलं कव्हर धुवायला काढलं, तर खाली रिसीव्हर आडवा काढून ठेवलेला. दादा फोन करतो तो संध्याकाळीच. कुणी ठेवला ते मी विचारत नाही. मी तो जागेवर ठेवलाय.

वहिनीने मेलमध्ये लिहिलंय, बाळाचं नाव आजोबांनीच सांगायचं. ते विचारायला दादा सात वाजता फोन करणार आहे. मी आईला आणायला पेरूच्या बागेत पळतेय, सातच्या आत काही परत येत नाही. बाळाची हनुवटी दिसली की पडद्यावरचं 'डिस्कनेक्ट' तुम्हीच दाबा, नाहीतर दादाला आजही एंगेजच लागेल.

मग फोन वाजेल. घरात तुमच्याशिवाय कुणी नसेल.

दीपा