तिसरी ताकीद

रविवार, २ फेब्रुवारी

दुसरी ताकीद! वेळकाढूपणाबद्दल. सगळ्यांसमोर!

मी वेळ काढत नव्हतो. मी विचार करत होतो. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पंच म्हणाले, "विचार करा हो, पण आजच्या आज करा." शेजारच्या टेबलावरचे खिदळले. एकाने दुसऱ्याला टाळीसुद्धा दिली.

तिसरी मिळाली की कार्ड-लीगमधून वर्षभर बाहेर. हंगामाचे दोन रविवार उरलेत.

घरी आलो तो जेवलो नाही. समोरच्या खेळाडूचा कार्डावरचा उंदीर मी अडवायला नको होता का? की अडवला तेच बरोबर? ताईने ताट झाकून ठेवलं. "अरे, कागदाचा उंदीर तो. मेला आता. जेव."

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताईला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने बोलावलंय. एक्स-रे विभागाची प्रमुख म्हणून! महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. विचारलं, काय ठरवलंस? म्हणाली, "बघू."

ताईचं "बघू" म्हणजे नाही. आणि कोणामुळे नाही, हे न कळायला मी काय खुळा आहे? आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मी कोपऱ्यापर्यंत जातो आणि गॅस बघायला परत येतो. मग कुलूप बघायला. एकदा तर ती ड्यूटीवर असताना फोन करून विचारलं, इस्त्री बंद केली होती ना आपण? त्या दिवशी इस्त्री केलीच नव्हती.

"तू एकटा राहशील?" तिने विचारलं.

"न राहायला काय झालं?" मी म्हणालो. गॅसकडे बघत.

मनाशी ठरवलंय. ताकीद न मिळता हंगाम पार पाडला, तर तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं — जा. नाही जमलं, तर कुठल्या तोंडाने सांगू?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानात आज मालक माझ्या मागे येऊन उभे. एका चष्म्याची काच मी तिसऱ्यांदा मापून बघत होतो. "काच घासतोयस की तिची समजूत काढतोयस?"

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काम सुटल्यावर कार्डांच्या दुकानात गेलो. मागच्या खोलीत औषधवाले काका होते. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे आणि लीगमध्ये गेली दोन वर्षं तेच पहिले. म्हणाले, "ये, एक डाव टाकू. पण मला रात्री घरी जायचंय हं."

माझा डेक, म्हणजे कार्डांचा जुडगा, कंट्रोलचा. मारधाड नाही. समोरच्याची कार्डं उतरायच्या आत अडवायची, उतरलीच तर साफ करायची, तो रिकामा झाला की आपला अजगर काढायचा आणि जिंकायचं. बारा अडवणारी कार्डं आहेत. चार "झाडू" आहेत — एक झाडू टाकला की टेबलावरचे सगळे प्राणी साफ. अजगर एकच. पूर्वी दोन होते. भीती वाटली म्हणून एक काढून आणखी एक अडवणारं घातलं.

हरलो. काकांनी कार्डं गोळा करताकरता ऐकवलं.

"तू माझं सगळंच अडवतोस. डास चावला की तोफ! मग खरा वाघ आला तेव्हा तोफेत काय होतं? काही नाही."

मी म्हणालो, पण डाससुद्धा रक्त पितो ना काका.

"पिऊ दे की! खेळात प्रत्येकाला वीस प्राण दिलेत ते कशासाठी? जपून घरी न्यायला? शेवटचा एक तेवढा तुझा. बाकीचे एकोणीस खर्चायचे."

वाटेत त्यावरच विचार करत होतो. कोपऱ्यावरून मागे फिरायचं विसरलो — नाही, हे लिहिताना आठवलं, मी घरी येत होतो, जात नव्हतो. असो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काय काय सुचलं ते लिहून ठेवतो.

समोरच्याच्या कार्डांचे दोनच प्रकार. मारणारी आणि नुसती चावणारी. चावणारी येऊ द्यायची. टेबलावर तीन-चार जमली की एक झाडू. माझं एक गेलं, त्याची चार गेली. एकेकाच्या मागे धावलो तर हिशेब बरोबरीतच राहतो आणि वेळ माझाच जातो.

विचार आपल्या पाळीत करायचाच नाही! त्याची पाळी चालू असताना करायचा. वाघ आला तर अडवणार, दुसरं काही आलं तर नाही, हे आधीच ठरलेलं पाहिजे. मग आपली पाळी म्हणजे फक्त हात हलवायचा.

आणि अजगर. "सगळं सुरक्षित झालं की काढायचा" हा माझा नियम. सगळं सुरक्षित कधी होतं? माझ्या तरी आयुष्यात अजून झालेलं नाही. दुसरा अजगर परत घातला.

ताई समोर मोबाइलवर वेळ लावून बसली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. काहीही टाकते आणि म्हणते, "हा घे, गेंडा!" माझ्या डेकमध्ये गेंडा नाही. खूप हसलो.

रविवार, ९ फेब्रुवारी

काकांशीच सामना लागला. हरलो. पण ताकीद नाही!

डास येऊ दिले. तीन चावले. तरी पास म्हणालो. वाघ बरोबर अडवला. दुसरा वाघ आला तेव्हा हातात काही नव्हतं. झालं. चुकलो नाही, नुसताच हरलो. या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे मला माहीतच नव्हतं.

भूक लागली होती. दोन वेळा वाढून घेतलं आणि दुपारी पंखा लावून झोपलो. उठलो तेव्हा ताई बाहेर गेली होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

रविवारी शेवटची फेरी. ताईने हॉस्पिटलचा विषय काढला नाही. मीही नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

नीट लिहितो.

समोर लीगमधला एक डिलिव्हरीवाला होता. त्याचा डेक म्हणजे गाडी चालवतो तसाच, ब्रेकच नाही. पहिला डाव त्याने घेतला, दुसरा मी. तिसऱ्यात मी वीस प्राणांवरून चारवर आलो. त्याचे दोन कोल्हे टेबलावर, हातात आणखी चार कार्डं. माझ्या हातात दोन अडवणारी, बाकी भरताड. झाडू एकही नाही!

मी चेहरा काच घासताना असतो तसा ठेवला. ठरलेलं होतं, म्हणून लगेच म्हणालो, "पास."

आणि पंच येऊन आमच्या टेबलाजवळ उभे राहिले.

संपलं, वाटलं. कान तापले. मी काही चुकलो होतो का? मी तर पटकन बोललो होतो. का फार पटकन बोललो?

डिलिव्हरीवाला माझ्याकडे बघतोय. आपल्या कार्डांकडे बघतोय. परत माझ्याकडे. "तुझ्याकडे झाडू आहे," तो म्हणाला. मी हातातली कार्डं सारखी केली. "आहेच. नाहीतर एवढा थंड बसला नसतास." एक कार्ड उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. सगळे प्राणी उतरवावे तर झाडूची भीती, न उतरवावे तर मला सवड! त्याच्या कपाळावर घाम. माझ्या कपाळावर नाही — मी हात लावून बघितलं.

पंच खाकरले. "वेळकाढूपणा. ताकीद."

मी डोळे मिटले.

"तुम्हाला नाही हो. यांना."

त्याला! त्या ब्रेक नसलेल्या माणसाला! मी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचं एक कार्ड उडालं आणि पंचांनी ते वाकून उचलून दिलं.

त्याने घाबरून एकही प्राणी उतरवला नाही, नुसते कोल्हे धाडले. मी दोनवर. पुढच्या कार्डाला अजगर आला. काहीच सुरक्षित नव्हतं. तरी उतरवला. अजगर वाटेत आला म्हणून कोल्हे अडले. दोन्ही अडवणारी कार्डं अजगराच्या राखणीला खर्च झाली. तिसऱ्या पाळीत जिंकलो.

काका लांबून ओरडले, "अरे, आता तरी हस!"

धावतच घरी आलो. बूटसुद्धा काढले नाहीत. "ताई, तू जा. मी राहीन."

ती कपडे घडी करत होती. "बरं," म्हणाली. एवढंच! एवढी तयारी करून म्हटलेलं वाक्य आणि उत्तर काय, तर बरं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी विचारलंच, बरं काय? ताई हसली. होकार तिने आठवड्यापूर्वीच कळवलाय. कधी? "तू हरून आलास, तरी दोनदा वाढून घेतलंस आणि घोरत पडलास. तेव्हा."