पालक-पुस्तिकेतलं तक्रारीचं प्रकरण

प्रिय आर्डिसताई,

तुझ्या नव्या गुडघ्याला आणि ऑर्लिनभाऊजींच्या जुन्या रक्तदाबाला आधी माझा नमस्कार. दोन्ही (म्हणजे गुडघा आणि रक्तदाब) आपापल्या जागी असतील असं धरून चालते. तुमच्या ॲरिझोनात म्हणे फेब्रुवारीत लोक अर्ध्या चड्डीवर टपाल आणायला जातात. जाऊ देत. इथे नॉर्डालमध्ये गोठलेल्या तळ्यावर अजून मोटारी उभ्या आहेत, सगळ्यांची तब्येत ठीक आहे, आणि कुणी विचारलं तर माझीही ठीक आहे. आपल्या मिनेसोटात या प्रश्नाला दुसरं उत्तर असतं कुठे?

पत्रास कारण आपलं पाळणाघर. चर्चच्या तळघरात मी ते सुरू केलं तेव्हा तू हसली होतीस, पण आज टर्की कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यातल्या निम्म्या बाया आपली पोरं माझ्या भरवशावर टाकून पाळीला उभ्या राहतात. या वर्षी परवाना नवा करायचा होता आणि सरकारने कळवलं, की नियमांप्रमाणे पालक-पुस्तिका नसेल तर परवाना नाही. म्हणजे दाराला कुलूप, बाया घरी, आणि मी कुठे, ते देव जाणे. मला दुसरं काही येत नाही, ताई. पोरांच्या नाकाखेरीज मी आयुष्यात काही पुसलेलं नाही.

पुस्तिका आमच्याकडे होती. एक कागद होता. सात वाजता उघडतो, सहाला बंद करतो, बुटांवर नाव घाला, आजारी पोर आणू नका, मार्लिस. एवढ्यावर दोन पिढ्या वाढल्या. पण परवाना खात्याच्या थाओबाई आल्या (वयाने लहान, बोलायला मऊ, आणि बर्फातले बूट माझ्यापेक्षा चांगले), त्यांनी तो कागद वाचला, पाठीमागे काही आहे का म्हणून उलटून पाहिला, आणि म्हणाल्या, “हे सगळं लिहून हवं.” सगळं म्हणजे सगळं. चावणाऱ्या मुलाचं काय करता? मी लिहिलं, ‘तू कुत्रा नाहीस असं त्याला सांगतो.’ चालणार नाही. बाहेर खेळायला कधी नेता? लिहिलं, ‘लव्हॉनच्या नाकातले केस गोठले नाहीत तर.’ (लव्हॉन म्हणजे माझी मदतनीस, तुला आठवत असेल, तुझ्या लग्नात पंच-सरबताच्या भांड्यात जिचा चष्मा पडला होता ती.) तेही चालणार नाही, थंडीचे अंश लिहा. शिस्त कशी लावता? लिहिलं, ‘हातात झाडू देतो.’ यावर थाओबाई बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसल्या. आणि वर असा एक नियम, की पालकांना कधीही, न कळवता, आत येऊन बघण्याचा हक्क आहे. न कळवता! आपल्या गावात सख्खा भाऊ मेला तरी आधी फोन करून ‘आता येऊ का, की नंतर येऊ’ म्हणून विचारतात.

तरी मी लिहिली. सगळा जानेवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहिली, आणि चर्चच्या यंत्रावर प्रती काढल्या. त्याच यंत्रावर महिला मंडळ आपल्या पाककृतींच्या पुस्तकाच्या प्रती काढत होतं, ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली नाही. मंडळाचं एक पान आमच्या आजारपणाच्या प्रकरणात जाऊन बसलं. त्यामुळे आमच्या पुस्तिकेत असं छापून गेलं, की मुलाला ताप भरल्यास त्याला इतर मुलांपासून वेगळं झोपवावं, आणि पान उलटलं की, वरून साखर भुरभुरून तांबूस होईपर्यंत भट्टीत ठेवावं. खाली पालकांची सही: वाचलं, समजलं, मान्य आहे. एकूण एक पालकाने सही केली. मला वाटलं, कुणी वाचलंच नसणार. पण नाही गं, वाचलं होतं! दोन घरांनी तर त्या पानावरचा रुबार्बचा गोड पदार्थ करूनही पाहिला, चांगला झाला म्हणे. मला सांगायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, उगाच मार्लिसला वाईट वाटायचं.

ते पान सापडलं थाओबाईंना. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना मनातून गुण दिले. त्यांनी पुस्तिकेतलं शेवटचं प्रकरण उघडलं, तक्रारीचं. नियम असा, की पालकाला तक्रार असेल तर ती कुणाकडे, कशी करायची आणि तिचं उत्तर कसं मिळेल, हे पुस्तिकेत असलं पाहिजे आणि पालकांना ते ठाऊक असलं पाहिजे. मी अभिमानाने सांगितलं, इतक्या वर्षांत आमच्याकडे एकही तक्रार नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “मार्लिसबाई, याचे दोन अर्थ होतात.” दुसरा कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या खेपेला तक्रारीची सोय खरोखर चालते असं दिसलं पाहिजे, मगच परवाना, एवढं सांगून गेल्या.

आता तूच सांग, आपल्या गावात तक्रार कोण करतं? तोंडावर कडवट बोलायचं तर माणूस आधी गाव सोडून जाईल. आपल्याकडे मनात काही आलं की लोक काहीतरी भाजून आणतात. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबायला लागलं तेव्हा त्यांच्या दारात हॉटडिशच्या, त्या भाजलेल्या जेवणाच्या भांड्यांची रांग लागली होती, आठवतं? त्यांना वाटलं, आपण लोकप्रिय झालो, आणि प्रवचन आणखी लांबलं. असो. मी बुटाचं खोकं घेतलं, वर फट पाडली, ‘तक्रारी’ असं लिहून दाराशी टांगलं. रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी उभी राहून म्हटलं, मंडळी, कृपा करून तक्रार करा, आमच्या पोटावर पाय येतोय. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. लव्हॉनने माझी बाही ओढून मला खाली बसवलं.

“अगं, असं उघड्यावर काय मागतेस! लोक काय म्हणतील?”

“काहीतरी म्हणू देत, तेवढंच तर मागतेय!”

खोक्यात पहिल्या आठवड्यात तीन चिठ्ठ्या पडल्या. ‘खोकं छान आहे.’ ‘आभारी आहोत.’ तिसरी कोरी होती, बहुधा कुणाचा तरी धीर सुटला असावा. केक मात्र येत होते. यंदा शरद ऋतूपासूनच येत होते ते, लिंबाच्या वड्या, गाजराचा केक, जॉइसचा सफरचंदाचा. मी खूश होते. लव्हॉनला म्हणायचे, या वर्षी लोकांना आपली किंमत कळली बघ. लव्हॉन फ्रीजरमध्ये जागा करायची.

मग एका मंगळवारी खोक्यात एक नीट घडी घातलेला कागद निघाला. खाली सही होती, सोन्याची. जॉइसची सोन्या गं, माझ्या पहिल्या तुकडीतली, जी अंगठा चोखत झोपायची. आता तिची ब्रिन माझ्याकडे असते, चार वर्षांची, आईसारखीच हनुवटी. सोन्याने लिहिलं होतं, की पुस्तिकेत लिहा म्हटलंय म्हणून लिहिते, चुकलं असेल तर माफ करा. ख्रिसमसच्या आधी ब्रिनला ताप आला तेव्हा तुम्ही मला फोन केला नाहीत. माझ्या आईला केलात, आणि म्हणालात, ‘जॉइस, तुझी सोन्या तापाने फणफणलीय, येऊन घेऊन जा.’ आई ‘बरं बरं’ म्हणाली आणि आली. ब्रिनला तुम्ही रोजच सोन्या म्हणता, त्याचं मला काही नाही, उलट बरं वाटायचं. पण गेल्या गुरुवारी मी कारखान्यातून सुटून तिला न्यायला आले, तुमच्यासमोर उभी राहिले, आणि तुम्ही मला विचारलंत, ‘आपण कुणाच्या?’

ताई, मला तो गुरुवार आठवत नाही. तापाचा दिवस आठवतो, आणि त्यात मला काहीच चुकलेलं दिसत नाही. सोन्याला ताप आला, मी जॉइसला फोन केला. अगदी आत्ता हे लिहिताना सुद्धा मला ते बरोबरच वाटतं, आणि त्याचीच मला भीती वाटते. मला फार भीती वाटते.

लव्हॉन पेले विसळत होती. मी कागद तिच्यासमोर धरला.

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“लव्हॉन.”

तिने नळ बंद केला. “मी दालचिनीच्या वड्या नव्हत्या आणल्या का, दोनदा?”

“मला वाटलं, जास्त झाल्या म्हणून आणल्यास!”

“दालचिनीच्या वड्या कधी जास्त होतात का, मार्लिस?”

तेव्हा मला कळलं, फ्रीजरमध्ये काय भरून ठेवलंय ते. सगळ्या गावाने मला सांगितलं होतं, एकेकाने येऊन, झाकण लावलेल्या डब्यांतून, आणि मी ते खाऊन जाड झाले. आणि लव्हॉन इतके महिने माझ्या मागे मागे फिरत पोरांची नावं मोठमोठ्याने पुकारत होती, “ब्रिन, कोट घाल गं! ओडिन, तुझा मोजा!” मी समजत होते, बिचारी ठार बहिरी व्हायला लागलीय, आणि तिच्याशी ओरडून बोलत होते. तेवढे महिने आम्ही दोघी एकमेकींवर ओरडत होतो आणि पोरं कानांवर हात ठेवून जेवत होती. रागावू तरी कुणावर? त्यांनी माझ्या भल्याचंच केलं. पण एकाने तरी तोंडाने सांगायचं होतं, ताई. सांगितलं ते एका पोरीने, अंगठा चोखणाऱ्या, आणि तिलाही सरकारी नियमाचं बोट धरावं लागलं.

पुस्तिकेप्रमाणे तक्रारीचं उत्तर लेखी द्यायचं असतं. मी दिलं. चांगल्या कागदावर लिहिलं, की तक्रार खरी आहे, आणि ती केल्याबद्दल पाळणाघर आपलं ऋणी आहे. सोमवारपासून प्रमुख लव्हॉन. पोरांबरोबर मी एकटी थांबणार नाही, आणि पालकांना फोन मी करणार नाही. सही करताना हात नीट चालला. त्याची एक प्रत थाओबाई आल्या तेव्हा त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोन्ही कागद वाचले, पुन्हा वाचले, आणि मग लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “माझ्या आजीलाही कुणी सांगितलं नव्हतं.” एवढंच. मी त्यांना सफरचंदाचा केक देऊ केला, त्यांनी घेतला. परवाना परवा टपालाने आला आणि लव्हॉनने तो चौकटीत घालून दाराशी लावला, किंचित वाकडा.

तर इकडची खबर ही अशी आहे. ऑर्लिनभाऊजींना सांग, मीठ कमी खा. गुडघ्याला जप, आणि कुणी म्हणतं म्हणून गोल्फ खेळू नकोस.

तुझी धाकटी,
मार्लिस

ता. क. हे वाचून तू उगाच जिवाला लावून घेशील, म्हणून सांगते. मी अगदी ठीक आहे. लव्हॉन मला रोज दुपारी गोष्ट वाचायला देते, आणि पुस्तकात नावं छापलेलीच असतात, त्यामुळे काही अडत नाही. तू यायची बिलकूल गरज नाही.

आणखी ता. क. वरच्या ता. क.कडे लक्ष देऊ नकोस. फार्गोच्या दवाखान्यात मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या डोक्याच्या तपासण्या आहेत. सोन्या म्हणाली, मी नेते. मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. आपल्याकडे तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणायचं असतं, पण आजकालच्या पोरी दोनदाच विचारतात. तुला मी एकदाच विचारतेय, आणि तू पहिल्यांदाच हो म्हण.

आणि शेवटचं. आमच्या पुस्तिकेत एक नियम आहे, त्याबद्दल वर लिहायचं राहिलं. पोराला घरी कोण नेणार, त्या माणसाचं नाव आधी लिहून द्यावं लागतं. दवाखान्यातल्या नर्सनेही तेच विचारलं, तपासण्या झाल्यावर तुम्हाला घरी कोण नेईल? मी म्हटलं, मीच गाडी चालवत जाईन. ती म्हणाली, नाही, नाव हवं. लव्हॉनला आता पाळणाघर सोडून निघता येत नाही. मी तुला न विचारता तुझं नाव दिलं. येताना फोटोचं ओळखपत्र आण, तिथली माणसं तुला ओळखत नाहीत. मी ओळखीनच, पण आत आलीस की आधी आपलं नाव सांग.