ओसरीवरचा लाल ठिपका

प्रिय रोझान,

फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच रागावशील आणि अर्धं माझ्या पोटातच राहील. म्हणून कित्येक वर्षांनी पेन शोधलं. सापडलं तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात.

टूसॉनला राहायला जाताना तू ओसरीच्या छताला हवा मोजणारं ते पांढरं यंत्र लावून गेलीस. आता गल्लीत अशी अकरा झालीत. फोनमधल्या नकाशावर प्रत्येक घराचा एक ठिपका, हवा बरी तर हिरवा, वाईट तर लाल. पिट्सबर्गमध्ये हल्ली कोणी तब्येत विचारत नाही, ठिपका विचारतात. नदीकाठच्या भट्ट्या धुमसल्या की सगळेच लाल होतात, ते मी नाकारत नाही. पण गेल्या रविवारी यंत्रांची देखभाल करणारी डोलोरेस दारात उभी. म्हणाली, "स्टॅनकाका, सगळी गल्ली हिरवी आणि लाल तेवढे तुम्ही. घरात ज्वालामुखी पाळलाय का?"

मग तिने खाली बघितलं. यंत्राच्या बरोबर खाली माझी कोळशाची शेगडी, तिच्यावर सॉसेज. बया पायरीवर बसून पोट धरून हसली, दोन सॉसेज खाल्ले आणि यंत्र काढून मागच्या अंगणात पेअरच्या झाडाजवळ लावलं. "इतके दिवस लक्षात कसं नाही आलं तुमच्या?" मी म्हटलं, वय झालं.

ते खोटं होतं. घर विकून तुझ्याकडे यायला मी नाही म्हटलं, आपण भांडलो आणि चार महिने तुझा एक शब्द नाही. मग एका रविवारी मी सॉसेज भाजले आणि दहा मिनिटांत तुझा मेसेज, 'बाबा, खिडक्या लावून घ्या. बाहेर पडू नका.' मी तो सात वेळा वाचला. त्यानंतर दर रविवारी शेगडी मुद्दाम तिथेच पेटवली, पावसातसुद्धा. माझं कोलेस्टेरॉल बघून डॉक्टरांनी हात टेकलेत.

परवा तू कळवलंस, नोराचा दमा बघता यंदा तिला सुट्टीत आणत नाही, कारण आजोबांचा ठिपका दर रविवारी लाल. तो लाल मीच केला, बाळा. शेजाऱ्यांचे ठिपके बघ. मागच्या अंगणातला माझा ठिपका महिनाभर बघ. खात्री पटली तर पोरीला घेऊन ये, नाही पटली तर मी तिकडे येतो. शेगडी शेजारच्या घरी देऊन टाकली. आता रविवारी माझ्यामुळे काही लाल होणार नाही, तरी मेसेज करत जा.

तुझाच, हिरवा झालेला,
बाबा