मीटर हिरव्यावर काहून?

अमरावती

प्रिय नितेश,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी पाकीट उलटंसुलटं करशील, मग म्हणशील, या माणसाचा फोन बिघडला की काय! फोन ठणठणीत आहे. चार वेळा तुझा नंबर काढला, चारही वेळा ठेवून दिला. आठवडाभर एका जागी बसवत नाही. काल लॅबमध्ये डोळ्यावर चष्मा असताना चष्मा शोधत फिरलो. आपला शिपाई सहदेव पोट धरून हसला.

आधी बातमी. येत्या गुरुवारी माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. आईनं वलगावच्या मावशीपासून साऱ्या गोतावळ्याला कळवून टाकलंय. घरातला पहिला डॉक्टर, तोही औषध न देणारा, असं म्हणून स्वतःच हसते. परीक्षा झाली की इथली कायमची जागा जवळजवळ पक्की. आणि मी मात्र अंथरुणावर कूस बदलतो आहे.

आपला लेझर तुला काय सांगायचा! इतक्या क्षणभराचा वार, की धातू उडून जातो आणि शेजारच्या धातूला तापायला सवडच मिळत नाही. तापल्या तव्याला बोट टेकवून झटकन उचललं तर भाजत नाही तसं, असं तू तुझ्या आईला समजावलं होतंस. तेव्हा दुर्गाकाकू म्हणाल्या, "मंग याच्यासाठी पाच वर्षं काहून लागतात?" हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूवर बारीक रेघा पाडायच्या आणि त्याही इतरांपेक्षा कितीतरी कमी शक्तीत, हा माझा शोध. सगळा प्रबंध त्या एका आकड्यावर उभा आहे. तू माझा ज्युनिअर, तेच पुन्हा मोजायचास, आणि तुझा आकडा मात्र दर वेळी जास्त यायचा. शेवटी मी आपल्या गाईड मॅडमसमोर, भर बैठकीत बोललो, "नितेश मनानंच आकडे लिहून राहिला." तू तुझी वही मिटून कपाटात ठेवलीस. महिन्याभरात अकोल्याला निघून गेलास.

मागच्या सोमवारी परीक्षेसाठी जुन्या वह्या काढल्या. माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलंय: काचेसाठी हिरवा किरण, मीटर हिरव्यावर. त्यानंतर आपण धातूसाठीच्या, न दिसणाऱ्या किरणावर परतलो, पण मीटर बदलल्याची नोंद कुठेच नाही. कुठला प्रकाश आहे ते त्या शक्ती मोजणाऱ्या मीटरला आधी सांगावं लागतं, नाहीतर तो बिनधास्त खोटं बोलतो. महिनाभर तो मला कमी आकडा सांगत राहिला आणि मी खूश. मग कपाटातून तुझी वही काढली. प्रत्येक पानावर मीटर बरोबर लावल्याची नोंद! आणि काम झालं की पुन्हा होता तसा, हिरव्यावर. कारण सीनिअरचं यंत्र जसं सापडलं तसंच ठेवायचं, हा नियम मीच केला होता. तू तो पाळलास, बाप्पा! असा राग आला, तुझा नाही, माझाच.

रविवारी अकोल्याला आलो होतो. तुझ्या क्लासच्या दारापर्यंत पोचलो. तू फळ्यावर भिंगाची आकृती काढत होतास. डाव्या हातानं पुसायची सवय अजून तशीच, शर्टाची बाही पांढरी झालेली. पोरं हसत होती, तूही हसलास. मी दारातूनच मागं वळलो. समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले आणि परतीची बस धरली. मूर्तिजापूरला बस अर्धा तास थांबली, तेव्हा उतरून माघारी फिरावं असं वाटलं. नाही फिरलो. भित्रा आहे मी.

आणखी एक राहिलं. ते लिहायला तीन कागद फाडले. वहीत सापडलं म्हणालो ते खरं, पण मला सापडायची गरजच नव्हती. तू मला विचारलं होतंस, "भाऊ, मीटर हिरव्यावर काहून हाय?" मी वर न बघता म्हणालो होतो, "तू तुयं काम कर ना." मी विसरलो होतो, असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील. पण त्या भर बैठकीत तुझ्यावर बोट दाखवताना ते वाक्य माझ्या कानात होतं. उठून बघावं, असं वाटलंही होतं. मी उठलो नाही.

हे पत्र तुला टाकायच्या आधी त्याची प्रत, दोन्ही वह्यांसकट, मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो आहे. गुरुवारची परीक्षा आता होणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. क्रम मुद्दाम असा ठेवला. आधी तुला कळवलं असतं, तर तू म्हणाला असतास, "जाऊ द्या ना, अश्विनभाऊ." आणि मी जाऊ दिलं असतं.

म्हणू देशील तर, तुझाच
अश्विन