अंगावरच्या गाठी

अमरावती,
८ जानेवारी २०२४

ती. गोपालदादास,
पौर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन मी उचलणार नाही, म्हणून पत्र. माझ्या खांद्यावरच्या गाठीचा तुकडा तपासून आला. कॅन्सर नाही. अंगावर काटा आणणारा केसांच्या मुळाशी जो बारीक स्नायू असतो, त्याच्या गाठी आहेत. गार लागलं की तो आवळतो आणि आत सुरी फिरते. अकरा वर्षं मी हेच सांगत होते. तू माझ्या सासूबाईंसमोर म्हणालास, हिवाळा आला का पौर्णिमाचं नाटक सुरू होते. तेव्हापासून थंड पाण्याची कामं त्या मुद्दाम मला देतात.

डॉक्टरबाईंनी ब्लडप्रेशरची गोळी दिली. तिनं स्नायू सैल पडतो. कळ निम्म्यावर आली. फार दुखणाऱ्या चार गाठी येत्या सोमवारी काढतील. पण ज्या घराण्यात अशा गाठी असतात, तिथं कधी किडनीचा कॅन्सरही निघतो म्हणे. बाबा त्यानंच गेले. तू तपासून घे.

लोभ मागत नाही.
पौर्णिमा

अकोला,
१७ जानेवारी

चि. सौ. पौर्णिमास आशीर्वाद.

माह्या पाठीवरही अशाच गाठी आहेत. बाबांच्याही होत्या. ते म्हणत, कोणाले दाखवू नको, पोरींचे लग्न जमत नाहीत. तू रडायची तवा मले समजत होतं तुले काय होऊन राहिलं. मी दात खाऊन सोसलं, तूही सोसशील वाटलं. तपासणी मले नाही करायची. जे होईल ते होईल.

तुहा, गोपाल

अमरावती,
२२ जानेवारी

गोपालदादा,

आज नमस्कार लिहीत नाही. तुला माहीत होतं? माहीत नसतं तर मी माफ केलं असतं. टाके ओले आहेत, तरी लिहिते, कारण तुझी प्रणाली सोळा वर्षांची आहे आणि दिवाळीत ती सारखा दंड चोळत होती. तिलाही नाटकी ठरवणार का? तपासणी कर, तिला खरं सांग. आणि माझ्या सासूबाईंना येऊन स्वतः सांग.

पौर्णिमा

अकोला,
११ फेब्रुवारी

चि. सौ. पौर्णिमास आशीर्वाद.

तुह्या सासूबाईंले सांगून आलो, तू शाळेत शिकवाले गेली होती. त्यांनी फक्त गिझर कधी बसवून भेटते ते विचारलं.

माह्या डाव्या किडनीत लहान गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लहान आहे तरी थांबायचं नाही. येत्या गुरुवारी नागपूरले ऑपरेशन आहे.

प्रणालीच्या दंडावर तीन गाठी आहेत. सारं सांगतलं तिले. तिनं एवढंच विचारलं का आत्यालेही तुमीच खोटं पाडलं का. मी हो म्हणलो. तवापासून ती माह्याशी बोलत नाही. उद्या सकाळच्या बसनं, हेच पत्र हाती देऊन, तिले तुह्याकडे धाडून राहिलो. तुह्या डॉक्टरबाईले दाखव. माह्यावर राग ठेव, पोरीले जवळ घे.

गोपाल