आवाज कुठून येतोय

इंदिरानगर, नाशिक
६ ऑगस्ट २०२४

ती. उज्वलाताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतः टाइप करतोय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. कॉम्प्युटर क्लासचे दिनेश सर, तेही माझ्यासारखेच पूर्ण आंधळे, म्हणाले की बोटांना वळण लागायचं तर आठवड्याला दोन पत्रं लिहा, आणि तीही मायनाबियना घालून. लिहिण्यासारखं मला तुझ्याशिवाय कुणी नाही. सायखेड्याला नेटवर्क असेल तेव्हा मेल उघडून वाच.

लॅपटॉपमध्ये स्क्रीन रीडर आहे. मी टाइप करतो तो प्रत्येक शब्द तो बोलून दाखवतो, आणि तुझं पत्र आलं की तेही वाचून दाखवील. आतापर्यंत हा सगळा कारभार हॉलमध्ये मोठ्यानं चालायचा. हर्षालीच्या अभ्यासाची वाट आणि सायलीच्या डोक्याला ताप. ‘सा. न. वि. वि.’ तर तो रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं म्हणतो. म्हणून काल हेडफोन आणला. वायर खोचून एक गाणं लावून पाहिलं, ते दोन्ही कानांत आलं. मग स्क्रीन रीडर चालू केला. त्याचा आवाज जरा लांबून येतो, पण शब्द कळतात. आता घरात कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणून तुला खरं ते लिहितो.

ताई, मला काहीच वाटत नाही. नजर जाऊन दहा महिने झाले. रडू येत नाही, रागही येत नाही. हर्षालीचा शाळेत धावण्यात दुसरा नंबर आला, तिनं मेडल माझ्या हातात दिलं, ते गार आहे एवढंच कळलं. सायली मला संध्याकाळी हात धरून फिरायला नेते आणि मला जिन्याचा कठडा धरल्यासारखं वाटतं. ती नवऱ्याबरोबर राहत नाहीये, घरातल्या सामानाबरोबर राहतेय. छत्तीस वर्षांची आहे ती. सिन्नरला तिच्या भावानं तिच्यासाठी शाळेत नोकरी बघितली आहे. हर्षालीला घेऊन तिनं माहेरी जावं, सुटेल तरी. मला हे तोंडानं सांगता येणार नाही. गणपतीत तू येशील, तेव्हा तू सांग.

सगळ्यांना नमस्कार. आहे ती माया राहू दे.

तुझा,
रविराज


सायखेडा
९ ऑगस्ट २०२४

चि. रविराज यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मायना अगदी दादांनी शिकवला तसा, डोकं मात्र ठिकाणावर दिसत नाही. पत्र तुझ्या भाऊजींना दाखवलं नाही. ते सध्या टोमॅटोच्या गडबडीत आहेत. काही विचारलं की लय काम हाय म्हणतात आणि मोटारसायकल काढतात.

आता हेडफोन नीट लाव, कारण पुढचं सायलीनं शपथ घालून सांगितलंय. मागच्या महिन्यात ती इथं आली होती, तेव्हा गोठ्यामागं जाऊन रडली. मी विचारलं तर म्हणाली, घरी रडायची सोय नाही. तू आवाजावरून ओळखशील आणि तरी काहीच बोलणार नाहीस, ते न बोलणं तिला सोसवत नाही. तिला जायचंच असतं तर ती कधीच गेली असती, असं मला वाटतं. पण तुमचं घर तुम्ही जाणा. तुझं मन पक्कं असेल तर गणपतीत मी तिला सांगेन. फार जड जाईल, पण सांगेन. तोवर नीट विचार कर आणि गोळ्या वेळेवर घे.

हर्षालीला मेडलबद्दल माझ्याकडून एक गोड पापा. आमच्यावर रुसू नकोस.

तुझी,
ताई


इंदिरानगर
१४ ऑगस्ट २०२४

ती. उज्वलाताईंना,
सायलीचा सा. न.

भाऊजी आज मार्केटला आले होते, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देतेय. कागदावर लिहिलं, कारण कागदावरचं ह्यांना वाचता येत नाही. असं लिहिताना माझं मलाच कसंतरी झालं.

ताई, ह्यांनी हेडफोन घातलेला असतो, पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो. सगळ्या घरात येतो. त्या दिवशी मी कणीक मळत होते. आधी वाटलं, कसला तरी अभ्यास चाललाय. मग त्या यंत्रातल्या बाईनं माझं नाव घेतलं. मग ‘कठडा’ म्हणाली. मग ‘सामान’. लगेच जाऊन सांगायला हवं होतं. हात पिठाचे आहेत, धुऊन जाऊ, असं म्हणत राहिले आणि गेलेच नाही. पुढं तुमचं पत्र आलं, तेही ऐकलं, गोठ्यामागचं सगळं. तुमच्यावर राग नाही.

दहा महिन्यांत मीठ कमी आहे, पंखा लाव, यापलीकडे हे माझ्याशी बोललेले नाहीत. ह्यांच्या मनात काय चाललंय ते मला आता यंत्राकडून कळतं. सांगितलं तर तेही बंद होईल. म्हणून हे लॅपटॉपवर बसले की मी हर्षालीला खाली खेळायला पाठवते आणि भांड्यांचा आवाज न करता ओट्याशी उभी राहते. हे चोरून ऐकणं आहे, मला कळतंय. तरी सुटत नाही.

गणपतीत तुम्ही मला काही सांगायची गरज नाही, मला ठाऊक आहे. मला सिन्नरला जायचं नाही. पण ह्यांना मी नकोशीच झाले असेन, तर राहून तरी काय करू? माझ्या दादाला महिनाअखेर नोकरीचं उत्तर द्यायचंय. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही.

चिठ्ठी वाचून फाडून टाका. मला आपलीच समजा.

सायली


इंदिरानगर, नाशिक
२२ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज दिनेश सरांशी फोनवर बोलताना आवाज लांबून येतो अशी तक्रार केली. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवायला सांगितला. ठेवला. स्क्रीन रीडर बोलतच राहिला, उलट जास्त स्पष्ट. सर म्हणाले, कॉम्प्युटरचा आवाज कुठं जावा आणि स्क्रीन रीडरचा कुठं जावा, ही दोन वेगळी सेटिंग असतात. गाणं हेडफोनमध्ये गेलं म्हणून रीडरही गेला असं नाही. नवीन माणसाचं असं होतंच म्हणे. घरात कुणी सांगितलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

फोन ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मी टाइप करायला लागलो की घर एकदम गप्प व्हायचं. मला ती हेडफोनची किमया वाटली होती.

नंतर सरांनी सांगितलं तसं केलं. रीडरच्या मेनूत ऑडिओमध्ये जाऊन हेडफोन निवडला. आवाज इतका जवळ आला की मी दचकलो. खूप दिवसांनी दचकलो.

मग ते परत होतं तसं केलं. हेडफोन काढून ठेवलाय. हे पत्र स्पीकरवरून चाललंय, आणि ते मला माहीत आहे. आत सायलीची सुरी टकटक चालली होती, ती आत्ता थांबली.

मला अजून काही वाटत नाही. खोटं कशाला लिहू? शरमेनं मेल्यासारखं व्हायला हवं, तेवढंही झालं नाही. पण सोळा दिवस तिनं मी काय लिहिलं ते ऐकलं आणि रोज सकाळी माझ्या हातात चहाचा कप नीट धरवला. मला वाटत काही नसलं तरी एवढं कळतं. ताई, गणपतीत तू नुसती जेवायला ये. काही सांगू नकोस.

सायली, तू सिन्नरला जाऊ नकोस. हे मी तोंडानं म्हणून पाहिलं, तीनदा पाहिलं, निघत नाही. म्हणून ह्या यंत्रातल्या बाईकडून म्हणवून घेतोय. मला काही वाटायला लागेल की नाही, ठाऊक नाही. लागलं तर तेव्हा तू इथं असावीस.

ताई, पुढं तुला तब्येतीचं लिहायचं होतं, पण सायली येऊन शेजारच्या खुर्चीत बसलीय. माझा डावा हात तिनं धरलाय. मिरच्या चिरत होती बहुतेक, हात झोंबतोय. एका हातानं टाइप करणं क्लासमध्ये अजून शिकवलेलं नाही, म्हणून थांबतो.

तुझा,
रविराज